बुर्गम्यूलरची वेलबुट्टी: ‘अराबेस्क’चं ओळवार भाष्य

उपोद्घात

जर्मनीहून चाकणला काय येतं, असं विचारलं तर इथलं शाळकरी पोरही गाड्यांची नावं घेईल. मर्सिडीज १९९५मध्ये पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जोडली जाऊ लागली आणि २००९मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. फोक्सवागनचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. फ्रीडरिख बुर्गम्यूलर हाही जर्मनच, पण तो या वाटेने आला नाही. तो आला लंडनमार्गे, परीक्षेच्या पुस्तकात बसून. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि असोसिएटेड बोर्ड या दोन संस्थांच्या पियानोच्या परीक्षा आपल्याकडची मुलं देतात, आणि त्या तयारीत कधी ना कधी बुर्गम्यूलरशी गाठ पडतेच. वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर, निगडी प्राधिकरण, कुठल्याही मोठ्या सोसायटीत संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला जिना चढत गेलात, तर एखाद्या बंद दारामागून त्याची ‘अराबेस्क’ ऐकू येण्याचा संभव बराच आहे. पहिल्या तीन ओळी झोकात येतात, चौथीला गाडी घसरते, मग पुन्हा पहिल्यापासून.

वाजवणाऱ्याला विचारा, ही रचना कोणाची? उत्तर बहुधा ‘परीक्षेचा पीस आहे’ एवढंच येईल. शोपाँ, शूमान ही नावं न वाजवणाऱ्यांनाही ठाऊक असतात. त्यांच्याच पिढीतल्या बुर्गम्यूलरचं नाव त्याला रोज वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. पूर्वपक्ष असा की यात गैर काही नाही. ही बोटांची कवायत आहे, कवायत लिहिणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवतो? मला हा पूर्वपक्ष मान्य नाही. मिनिटभराच्या या रचनेत एक शब्द, एक खूण फुकट गेलेली नाही, आणि हे रचनेच्या ओळींतच दाखवून द्यावं लागेल. आळंदी-देहूच्या मुलखात भाष्याची रीत काही नवी नाही. फक्त इथे मूळ ग्रंथ स्वरांचा आहे.

एक खुलासा. छापील प्रतीतल्या पाच-पाच रेघांच्या ओळी आवृत्तीगणिक वेगळ्या जागी तुटतात. म्हणून ‘ओळ’ म्हणजे एक सांगीतिक वाक्य, किंवा रचनाकाराने शब्दांत छापलेली एक सूचना, असं इथे धरलं आहे.

मुखपृष्ठावरची ओळ: सोप्या, चढत्या, लहान हातांसाठी

‘अराबेस्क’ ज्या वहीत आहे तिच्या मुखपृष्ठावरच्या फ्रेंच ओळीचा आशय असा: पंचवीस सोप्या आणि क्रमाने चढत जाणाऱ्या एट्यूड, लहान हातांच्या आवाक्यासाठी मुद्दाम रचलेल्या आणि बोटांचे आकडे घातलेल्या. कृतिक्रमांक १००. साल १८५१.

एट्यूड म्हणजे अभ्यासासाठी रचलेला तुकडा. ‘सोप्या’ हा शब्द वाचून लोक पान उलटतात. थांबायला हवं ते ‘लहान हात’ या शब्दांपाशी. आजच्या पियानोवर मध्य सप्तकाच्या सा-पासून तार सप्तकाच्या सा-पर्यंतचं अंतर सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा अंगठा आणि करंगळी ताणून तेवढी उघडत नाहीत, आणि उघडली तरी मधली बोटं लाकडासारखी ताठ होतात. त्या काळचे नावाजलेले पियानोवादक तर दहा-दहा पट्ट्यांच्या उड्या मारत होते. त्यांच्या रचना मुलांना द्यायच्या म्हणजे एक तर सूर गाळायचे, नाही तर हात दुखवायचे. बुर्गम्यूलरने अट आधी स्वीकारली आणि मग सुचवायला बसला. भोसरीतल्या टूलरूममध्ये काम केलेल्या कुणालाही हे पटेल: माप हातात ठेवून केलेलं डिझाइन आणि मोठ्या मालाला कातरून बसवलेलं डिझाइन यांतला फरक लांबूनही कळतो. या पंचवीस तुकड्यांत काही कापल्याची खूण सापडत नाही. हाताच्या आवाक्यातच ते जन्मले आहेत. आणि लहान हात काही फक्त मुलांचेच असतात असं नाही.

आता साल. १८४९मध्ये शोपाँ गेला. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात यंत्रांच्या जोडीला पियानोही मांडले गेले. पियानो तोवर दरबारातून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला होता; ओतीव लोखंडाची चौकट, कारखान्यात होणारं काम, वाढतं उत्पादन, सगळं त्या यंत्रयुगाचंच देणं. घरोघरी पियानो गेला तेव्हा तो वाजवायला बसल्या मुख्यतः त्या घरांतल्या मुली, आणि त्यांना शिकवायला गावोगाव मास्तर लागले. त्या मास्तरांच्या पिशवीत जे पुस्तक जायचं ते बुर्गम्यूलरने लिहिलं. त्याच १८५१ साली पुण्यात जोतीराव फुले बुधवार पेठेतल्या चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडत होते. पॅरिसच्या मुलीला पियानो शिकवणं प्रतिष्ठेचं होतं, पुण्याच्या मुलीला अक्षर शिकवणं बंडाचं. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत, इतकंच सांगून पुढे जातो.

नावाची ओळ: फ्रेडरिक बुर्गम्यूलर

या नावापाशी बरेच जण फसतात, कारण बुर्गम्यूलर दोन आहेत, आणि सख्खे भाऊ.

थोरला योहान फ्रीडरिख फ्रान्झ. जन्म १८०६, डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्गमध्ये. वडील आउगुस्ट हे संगीतकार. पुढे ड्युसेलडॉर्फला संगीताची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि ऱ्हाइन खोऱ्यातल्या प्रसिद्ध संगीत महोत्सवाच्या उभारणीत त्यांचा हात होता. (रेगेन्सबुर्ग आणि ड्युसेलडॉर्फ ही दोन्ही गावं आज आपल्या पट्ट्यातल्या लोकांना वेगळ्याच कारणाने माहीत असतात. एका गावात बीएमडब्ल्यू तयार होते, दुसऱ्यात मर्सिडीजची स्प्रिंटर.) धाकटा नॉर्बर्ट, जन्म १८१०. खरा प्रतिभावंत म्हणून नाव झालं ते धाकट्याचं. तो १८३६मध्ये आखेनच्या स्नानगृहात बुडून गेला, वय सव्वीस. त्याच्या अंत्ययात्रेसाठी मेंडेल्सझोनने शोकसंगीत रचलं, आणि शूबर्टच्या मृत्यूनंतर याच्याइतका चटका लावणारा मृत्यू झाला नाही, अशा आशयाचं शूमानने लिहिलं. नॉर्बर्टची अपुरी राहिलेली दुसरी सिंफनी हाती घेऊन तिचा तिसरा भाग शूमाननेच पुरा केला.

थोरल्याच्या वाट्याला असं काही आलं नाही. तो १८३२नंतर पॅरिसला गेला तो तिथलाच झाला, फ्रीडरिखचा फ्रेडरिक झाला, शिकवण्या केल्या, दिवाणखान्यात वाजवण्याजोगं संगीत लिहिलं आणि १८७४मध्ये वारला. अकाली मेलेल्या भावाला इतिहासात जागा मिळाली आणि भरपूर जगलेल्या भावाला लोकांच्या घरात. इतिहासकार पहिल्या जागेला मोठी म्हणतात. मला खात्री नाही.

पॅरिसमध्ये त्याने नृत्यनाट्यांसाठीही लिहिलं, आणि ही बाजू ‘अराबेस्क’ समजून घ्यायला उपयोगी आहे. १८४१मध्ये ‘जिझेल’ रंगमंचावर आली तेव्हा तिचं संगीत आदोल्फ आदांचं होतं. पण त्यातलं शेतकरी जोडप्याचं जे नृत्य आजही नाचलं जातं, ते बुर्गम्यूलरच्या ‘रेगेन्सबुर्गच्या आठवणी’ या नावाच्या रचनांवरून घेतलेलं आहे. १८४३मध्ये पॅरिस ऑपेरात आलेल्या ‘ला पेरी’चं संगीत संपूर्ण त्याचं. कथा तेओफिल गोतिएची, नायिका फारसी कथांतली परी. याच गोतिएने पुढे १८५८मध्ये कालिदासाच्या शकुंतलेवर बॅले लिहिला. संगीत मात्र दुसऱ्याचं. म्हणजे आपल्या किर्लोस्करांनी १८८०मध्ये ‘शाकुंतल’ उभं करण्याआधी बावीस वर्षं शकुंतला पॅरिसला नाचून आली होती. सांगायचं ते हे, की नर्तकीचा पाय कधी टेकतो आणि कधी उचलतो याचा हिशेब डोक्यात असलेला माणूस बोटांसाठी लिहायला बसला होता. ते पुढच्या ओळींत दिसेल.

शीर्षकाची ओळ: अराबेस्क

पंचवीसांतली ही दुसरी. अराबेस्क म्हणजे अरबी वळणाची वेलबुट्टी: जाळीत, कमानीवर, कापडाच्या काठावर स्वतःभोवती वळत पुढे सरकणारी नक्षी. शूमानने हे नाव १८३९मध्ये वापरलं होतं, देब्युसी पुढे वापरणार होता.

नाव देणं हीच मोठी गोष्ट होती. त्या काळी एट्यूडचा बादशहा कार्ल चेर्नी. त्याच्या वह्यांत तुकड्यांना क्रमांक आहेत, नावं नाहीत. वीस झालं की एकवीस. उपयुक्त आहे, पण मुलाला घरी कुणी विचारलं ‘काय शिकलास?’ तर त्याने काय सांगावं? बुर्गम्यूलरने प्रत्येक तुकड्याला नाव दिलं आणि नाव नुसतं चिकटवलं नाही, ते स्वरांत उतरवलं. नववी ‘शिकार’, सतरावी ‘बडबडी’, बाविसावी नावाड्याचं गाणं. अकरावी आहे एका पक्ष्यावर. हा पक्षी आपल्याकडे थंडीत पवनेच्या आणि इंद्रायणीच्या काठी शेपटी वरखाली करत चालताना हमखास दिसतो. आपण त्याला परीट म्हणतो, धोबी म्हणतो. तुकडा वाजवून मग नदीवर जावं, किंवा उलट क्रमाने करावं. चोविसावी भिंगरी या पक्ष्यावर आहे, आणि तिथे डावा हात उजव्यावरून झेप घेत पलीकडे जातो. पोरांना हा हातांचा ओलांडा फार आवडतो, आणि मोठ्यांनाही, ते कबूल करत नाहीत इतकंच.

क्रमांकाला नाव मिळालं की सरावाचा उद्देश पालटतो. बोटं मजबूत व्हावीत म्हणून मूल भिंगरी वाजवत नाही. भिंगरी उडावी म्हणून बोटं तयार करतं.

गतीची ओळ: अलेग्रो स्कर्झांदो

अलेग्रो म्हणजे जलद. स्कर्झांदो म्हणजे थट्टेखोर, खेळकर. रचना कारुण्याच्या समजल्या जाणाऱ्या ए मायनर या स्वरपटात आहे आणि वर सूचना थट्टेची. या दोन गोष्टींचा एकमेकींना धक्का लागतो, आणि रचनेची लज्जत त्या धक्क्यात आहे. उदास रंगात खट्याळपणा करणं अवघड. आपल्याकडे ठुमरीवाल्यांना ते साधतं.

पुढे मेट्रोनोमचा आकडा. बऱ्याच प्रतींत तो मिनिटाला १५२ असा छापला आहे. मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५मध्ये, आणि तेव्हापासून रचनाकार आकडे टाकायला लागले व वाजवणारे त्यांना शिव्या घालायला. हिशेब करून पाहा. एका मात्रेत चार स्वर, मिनिटाला १५२ मात्रा, म्हणजे सेकंदाला दहा स्वर. तबल्याच्या भाषेत द्रुत लयीत चौगुन. लहान मुलाने हे करावं अशी रचनाकाराची खरोखर अपेक्षा होती का? त्या काळच्या पियानोची पट्टी आजच्यापेक्षा हलकी होती आणि कमी खोल जायची, हे लक्षात घेतलं तरी आकडा चढाच आहे. मी तो ध्येय म्हणून वाचतो, अट म्हणून नाही. शंभर-एकशेदहाच्या आसपास प्रत्येक स्वर सुटा आणि सारखा आला की थट्टा कळते. दीडशेला चिखल झाला तर काहीच कळत नाही.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर ‘टॅक्ट टाइम’ हा शब्द दिवसभर तोंडात असतो. तो जर्मन संगीतातला मात्राखंड, विमानांच्या कारखान्यांतून जपानमार्गे आपल्या शॉपफ्लोअरवर पोचलेला. लाइनवरच्या माणसाला सारखेपणाचं मोल शिकवावं लागत नाही, आणि शिफ्ट संपवून क्लासला येणारे मोठे विद्यार्थी मेट्रोनोमला मुलांइतके घाबरतही नाहीत. त्यांची अडचण दुसरी असते, ती पुढे येईल.

पहिली स्वर-ओळ: दोन खंड, नुसता डावा हात

सुरुवातीच्या दोन खंडांत, म्हणजे दोन बारमध्ये, उजवा हात गप्प. डावा हात तीन सुरांचा एकच गुच्छ पुन्हा पुन्हा, हळू आवाजात, टोचून सोडल्यासारखा वाजवतो. चाल नाही, काही नाही.

शिकणारा ही ओळ पार करतो, वाजवत नाही. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. नृत्यनाट्याचा माणूस इथे दिसतो: नर्तकी अजून विंगेत आहे आणि वाद्यवृंदाने ठेका धरला आहे. आपल्या ऐकण्यातही हे मुरलेलं आहे, आधी लेहरा, मग नाच. हे दोन खंड नसते तर उजव्या हाताची पहिली धाव कुठून तरी येऊन आदळली असती. ठेका आधीच चालू आहे म्हणून ती ‘प्रवेश करते’. आणि एक व्यवहाराचा फायदा: गती ठरवायची ती इथेच. डाव्या हाताने फुशारकीने जलद सुरुवात केली की तिसऱ्या खंडात उजव्याचं दिवाळं निघतं.

दुसरी स्वर-ओळ: वळणं

आता उजवा हात. पाच बोटं पाच शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवलेली. पहिली धाव तिसऱ्या बोटापर्यंत जाते आणि लगेच मागे वळून निघाल्या जागी येते. दुसरी तिथूनच निघते, पण मागे वळत नाही, थेट करंगळीपर्यंत जाते. मग हात उचलून वरच्या जागेवर, आणि तीच नक्षी तिथे.

हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. चार जलद स्वर, मग एक किंचित टेकलेला आणि लगेच सोडलेला स्वर, मग श्वास. पुन्हा चार, एक, श्वास. एखाद्या कमी वकुबाच्या मास्तराने जलद स्वरांची अखंड माळ लिहिली असती. मूल धापा टाकत तिच्या मागे पळालं असतं. बुर्गम्यूलर पाच स्वर देतो आणि हात उचलायला लावतो. त्या उचलण्यात मनगट सैल होतं, पुढची जागा सापडते, आणि कानाला मात्र तुटक वाटत नाही, कारण खाली डाव्याचा ठेका चालूच असतो. शिकवण्याची युक्ती आणि सौंदर्याची युक्ती इथे एकच आहे. ‘लेज्जेरो’, म्हणजे हलक्या हाताने, ही सूचना याच ओळीखाली येते. ती शब्दांत दिली नसती तरी लिखाणानेच ती पाळायला लावली असती.

पहिली धाव मागे वळते आणि दुसरी वळत नाही, हीच वेलबुट्टी. दोन्ही सरळ चढल्या असत्या तर तो पलटा झाला असता. दोन्ही वळल्या असत्या तर पाळणा. एक वळणं आणि एक निसटणं यातून नक्षी पुढे सरकते. आणि सगळ्यात कमजोर बोट, अनामिका, लागते ती दुसऱ्या धावेत, जिथे ऐकणाऱ्याचं लक्ष चढण्याकडे असतं. ती जरा मागे राहिली तर मास्तरला कळतं, पाहुण्यांना कळत नाही. हा माणूस विद्यार्थ्याची लाज राखून शिकवतो.

तिसरी स्वर-ओळ: घर बदलतं

पहिल्या भागाच्या अखेरीस आवाज वाढत जातो आणि रचना ए मायनरमधून सी मेजरमध्ये जाऊन टेकते. पट्ट्या जवळजवळ त्याच, पांढऱ्या. रंग मात्र उजळतो.

हे आपल्या कानाला समजावून द्यायला मूर्च्छनेपेक्षा सोपी वाट नाही. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ए-ला षड्ज माना: गंधार, धैवत, निषाद कोमल येतात, आसावरी थाट उभा राहतो. त्याच पट्ट्यांवर सी-ला षड्ज माना: सगळे शुद्ध, बिलावल. स्वर कुणी हलवला नाही, षड्ज हलला. आपल्या मैफिलीत तंबोरा षड्ज धरून ठेवतो म्हणून मूर्च्छना हा जाणकारांचा क्षणभराचा खेळ राहतो. तंबोरा नसलेल्या पाश्चात्त्य संगीतात डाव्या हाताचे गुच्छ बदलले की ऐकणाऱ्याच्या पायाखालचा षड्जच सरकतो, आणि साऱ्या मोठ्या रचना या सरकण्यावर उभ्या आहेत. बेथोव्हेन ते चाळीस मिनिटांत करतो. इथे ते दहा सेकंदांत होतं, आणि करणारं मूल असतं. मग पुनरावृत्तीची खूण येते आणि आपण पुन्हा जुन्या घरात. दुसऱ्या वेळी ऐकताना शेवटचा उजेड येणार हे आधीच ठाऊक असतं. म्हणून ती पुनरावृत्ती गाळू नये. परीक्षेत गाळायला सांगतात, ते वेगळं. घरी गाळू नये.

चौथी स्वर-ओळ: अदलाबदल

दुसऱ्या भागात धाव डाव्या हाताकडे जाते आणि गुच्छ उजव्याकडे. बंद दारामागची गाडी इथेच घसरते.

कारण शरीरात आहे. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या कंडरा हाताच्या मागच्या बाजूला एकमेकींना आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे अनामिका एकटी उचलली जात नाही. शूमानने हाताच्या अशाच हट्टापायी वादनाची कारकीर्द गमावली, आणि तो तर उजवा हात होता. इथे डाव्याला नेमकं या दुबळ्या बाजूने निघावं लागतं. चाकणहून शिफ्ट करून आलेल्या मोठ्या माणसाची अडचण हीच: लय पक्की, समज पक्की, पण पंचवीस-तीस वर्षं डाव्या करंगळीला पकडण्यापलीकडे काम लागलेलं नसतं. मुलं रडून का होईना आठवड्यात शिकतात. मोठे समजून घेतात आणि महिना लावतात.

रचनेच्या दृष्टीने ही ओळ बेरकी आहे. आतापर्यंत वर असलेली नक्षी आता तळाशी गेली, म्हणून तिचा आवाज गडद झाला. थट्टेत जरा गुरगुर आली. काही मास्तर इथे उजव्या हाताचे गुच्छ जोरात वाजवून घेतात, कारण ते बरोबर येतात. हे उलटं आहे. उजव्याने इथे मघाशी डाव्याने राखली तेवढीच अदब राखायची. पहिल्या दोन खंडांत डाव्याने काय केलं हे ज्याने लक्ष देऊन ऐकलं, त्याला इथे उजव्याचं काम आधीच माहीत असतं.

पाचवी ओळ: दिमिन्युएन्दो ए पोको रालेन्तान्दो

आवाज कमी करत, आणि थोडं रेंगाळत. रचनेत गती सैल सोडण्याची ही एकच परवानगी, आणि तीही ‘पोको’, म्हणजे थोडीच.

आधी स्वरांचं पाहू. परतताना एक काळी पट्टी लागते: ए-ला षड्ज मानलं तर शुद्ध निषाद. आतापर्यंत कोमल निषाद होता. तो अर्धा सूर चढला की षड्जाची ओढ लागते आणि कान घराकडे वळतो. ती ओढ जाणवेल एवढाच वेळ ‘पोको रालेन्तान्दो’ देतं. जास्त रेंगाळलं की नाटकी होतं. अजिबात न रेंगाळता गेलं की परतल्याचा आनंदच होत नाही.

आणि हीच ओळ आपल्याकडे सगळ्यात जास्त मारली जाते. पियानो फ्लॅटमध्ये वर चढवणं परवडत नाही, म्हणून एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड येतो, आणि त्याच्यासोबत आयत्या तालांची शंभरेक बटणं. मूल एक बटण दाबून ड्रमच्या साथीवर ‘अराबेस्क’ वाजवतं. घरच्यांना ते जोरदार वाटतं. ड्रमला ‘पोको’ कळत नाही. तो आपला ठोकत राहतो, आणि रेंगाळायची जागा येते नि जाते. स्वस्त कीबोर्डला तर बोटाचा दाबही कळत नाही; हळू वाजवा की जोरात, आवाज तोच. मग ‘दिमिन्युएन्दो’ कसला? कीबोर्डवर राग नाही. त्याच्यामुळे हे संगीत इथे पोचलं. पण दाब ओळखणारा घ्यावा, आणि बुर्गम्यूलर वाजवताना तालाचं बटण बंद ठेवावं. एवढं केलं तरी रचना अर्धी परत मिळते.

सहावी स्वर-ओळ: परतणं

मूळ नक्षी परतते. तीच, तशीच. काही लांबण लावण्यासारखं नाही. फक्त ज्या बोटांनी ती आधी सुटी वाजवली त्यांनी मधल्या काळात डाव्याची फजिती ऐकलेली असते, त्यामुळे ती आता जरा सावरून येते. हे शहाणपण नको. पहिल्यासारखीच बेफिकीर यायला हवी.

शेवटची ओळ: रिसोल्युतो

ठामपणे. शेवटच्या खंडांत धाव वर चढते आणि जोरकस गुच्छावर रचना बंद होते. ए मायनरमध्येच. जुन्या काळी मायनरमधली रचना संपताना शेवटचा गुच्छ मेजर करून उजळवण्याची चाल होती. बुर्गम्यूलर तसं करत नाही. मधे उजेड एकदा देऊन झाला आहे, तो पुन्हा उधार नाही. थट्टा करणारा शेवटपर्यंत गंभीर चेहरा ठेवतो, तशातला हा शेवट. वाजवणाऱ्याने इथे हसू नये आणि हात हवेत भिरकावूही नये. गुच्छ दाबावा, छापलाय तेवढाच वेळ धरावा, सोडावा.

पुढे काय, याचं उत्तर परीक्षेच्या पुस्तकात मिळणार नाही, कारण तिथे एका ग्रेडला मोजकेच तुकडे आणि त्यांत बुर्गम्यूलरचा असलाच तर एक. पूर्ण वही घ्यावी. तिचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, जुनी प्रत फुकट मिळते. क्रमाने जावं असं तो म्हणतो, पण ज्याला ‘अराबेस्क’च्या चौथ्या ओळीने छळलं त्याने मधले काही तुकडे सोडून पंधराव्या ‘बॅलाड’कडे जायला माझी हरकत नाही. सी मायनर, तीन लहान मात्रांचा खंड. वर उजवा हात गुच्छ टोचत राहतो आणि खालून डावा हात अंधारात सरपटत येतो. मध्ये सी मेजरचं एक गोड गाणं लागतं, मग पुन्हा अंधार. इथे डाव्याकडे नुसती धाव नाही, अख्खी गोष्ट त्याच्याकडे आहे. त्यानंतर कृतिक्रमांक १०९मधल्या अठरा एट्यूड, आणि मग १०५च्या बारा. त्या मात्र लहान हातांसाठी नाहीत.